सह्या करणाऱ्यांच्या गावी

पहिला दिवस : वॉशिंग्टन

लेकीकडे अमेरिकेत यायची ही माझी तिसरी खेप. नायगारा, न्यूयॉर्क आधीच्या दोन वेळांत पाहून झालं होतं. या वेळी साताऱ्याहून निघायच्या आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं, "मला शाळा बघायच्यात. ज्या शाळांवरून खटले झाले, त्या." एप्रिलच्या सुरुवातीला नातीला सुट्टी होती. लेकीने रजा काढली आणि आम्ही तिघी गाडीने बाहेर पडलो. नात सोळा वर्षांची आहे. तिचं वय आत्ताच सांगून ठेवते, पुढे ते लागणार आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळांतून मी चौतीस वर्षं शिकवलं. दर सत्राअखेर प्रगतिपुस्तकावर पालकांची सही घ्यायचा नियम. सुरुवातीच्या वर्षांत निम्म्या पानांवर निळ्या शाईचे अंगठेच असायचे. सही करताना काही आयांचा हात कसा कापायचा हे मी जवळून पाहिलं आहे. त्यामुळे काळ्या मुलांना गोऱ्यांपासून वेगळ्या शाळांत बसवण्याविरुद्धच्या या खटल्यांबद्दल वाचायला लागले तेव्हा निकालापेक्षा माझं लक्ष अर्जांकडेच जास्त गेलं. आधी कुणाला तरी कागदावर आपलं नाव लिहावं लागतं, मगच न्यायालयाला काही म्हणता येतं. ती नावं कुणी लिहिली, आणि लिहिल्यावर त्यांचं काय झालं?

सर्वोच्च न्यायालयाच्या पांढऱ्याशुभ्र पायऱ्यांवर सकाळी नऊला उभ्या होतो. दर्शनी भागावर 'कायद्याखाली समान न्याय' अशा अर्थाची अक्षरं कोरलेली आहेत. १७ मे १९५४ ला याच इमारतीत सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी निकाल वाचला. नऊ न्यायाधीश आणि नऊच्या नऊ एका बाजूला. वंशावरून वेगळ्या काढलेल्या शाळा मुळातच असमान असतात, असं त्यांनी सांगितलं. १८९६ मध्ये याच न्यायालयाने लुईझियानातल्या गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या रेल्वेडब्यांवरून 'वेगळे पण समान' चालेल असा निवाडा दिला होता. शाळांच्या बाबतीत तो निवाडा संपायला अठ्ठावन्न वर्षं लागली.

हा निकाल 'ब्राउन खटला' म्हणून ओळखला जातो, पण तो एकट्या ब्राउन यांचा नव्हता. कॅन्सस, साउथ कॅरोलिना, व्हर्जिनिया, डेलावेअर आणि वॉशिंग्टन अशा पाच ठिकाणांहून आलेले खटले एकत्र ऐकले गेले. वॉशिंग्टन हा केंद्राचा प्रदेश असल्यामुळे त्याचा निकाल त्याच दिवशी पण वेगळा दिला. कॅन्ससमधल्या टोपेका शहरातले ऑलिव्हर ब्राउन हे धर्मोपदेशक. त्यांच्या लेकीला, लिंडाला, घराजवळची गोऱ्यांची शाळा सोडून रेल्वेचे रूळ ओलांडत दूरच्या शाळेची बस पकडायला जावं लागे. त्यांच्याबरोबर आणखी बारा पालक होते. न्यायालयाने कॅन्ससचं नाव मुद्दाम पुढे ठेवलं, म्हणजे हा प्रश्न फक्त दक्षिणेचा आहे असं कुणाला वाटू नये. त्यामागचा विचार कळतो मला. पण त्यामुळे दक्षिणेतल्या ज्या माणसांनी सगळ्यात जास्त भोगलं, त्यांची नावं मागे पडली. म्हणून टोपेकाला न जाता दक्षिणेकडे निघायचं ठरवलं होतं.

पायऱ्यांवर बसून नातीला चार्ल्स ह्यूस्टन यांच्याबद्दल सांगितलं. याच शहरातल्या हॉवर्ड विद्यापीठाच्या कायदा शाखेत त्यांनी कृष्णवर्णीय वकिलांची एक पिढी तयार केली. पुढे हे खटले लढवणारे थरगुड मार्शल त्यांचेच विद्यार्थी. ह्यूस्टन यांची चाल सबुरीची होती. लहान मुलांच्या शाळांना एकदम हात घालायचा नाही, आधी विद्यापीठं घ्यायची. राज्यांना कृष्णवर्णीयांसाठी वेगळं कायदा महाविद्यालय काढणं परवडणारं नव्हतं, आणि न्यायाधीशांना निदान तिथली असमानता तरी चटकन दिसली असती. १९५० मध्ये ह्यूस्टन गेले. निकाल पाहायला ते नव्हते.

त्याच वर्षी लागलेला एक निकाल मला फार जवळचा वाटतो. जॉर्ज मॅकलॉरिन हे साठी उलटलेले शिक्षक. ओक्लाहोमा विद्यापीठाने कोर्टाच्या दट्ट्याने त्यांना प्रवेश दिला, पण वर्गात बसू दिलं नाही. शेजारच्या छोट्या खोलीत त्यांचं टेबल मांडलं आणि तिथून दारातून दिसेल तेवढं शिका म्हणाले. वाचनालयात वेगळं टेबल, खाणावळीत वेगळं टेबल. हे वाचलं तेव्हा मला आमचा सातारा आठवला. तिथल्या सरकारी हायस्कूलच्या पटावर ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढलं. नाव पटावर होतं, पण बसायला घरून आणलेलं गोणपाट होतं आणि तेही इतरांपासून लांब. पटावर नाव असणं आणि वर्गात जागा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नातीला मी हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

दुपारी शहराच्या आग्नेय भागातली सूझा शाळा बाहेरून पाहिली. १९५० च्या सप्टेंबरात गार्डनर बिशप नावाचे एक न्हावी अकरा मुलांना घेऊन या नव्याकोऱ्या शाळेच्या दारात आले. आत वर्गखोल्या रिकाम्या पडल्या होत्या, तरी मुलांना परत पाठवलं गेलं. वॉशिंग्टनचा खटला तिथून उभा राहिला. एक केशकर्तनालय चालवणारा माणूस! आपल्याकडेही गावातल्या अर्ध्या चळवळी अशाच दुकानांतून सुरू होतात.

दुसरा दिवस : रिचमंड

दोन-अडीच तासांचा रस्ता. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाच्या हिरवळीवर नागरी हक्कांचं स्मारक आहे, २००८ मधलं. चारही बाजूंनी मिळून अठरा ब्राँझच्या आकृती. एका बाजूला शाळकरी मुलं आणि त्यांच्या पुढे बार्बरा जॉन्स, फार्मव्हिलच्या शाळेतून मुलांना बाहेर काढणारी सोळा वर्षांची मुलगी. दुसऱ्या बाजूला ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन हे दोन वकील. बार्बराचे शब्द दगडात आहेत : ते चंद्राला हात लावण्यासारखं वाटत होतं.

शेजारच्याच एका उंच सरकारी इमारतीला २०१७ पासून तिचं नाव दिलं आहे. तिथे राज्याच्या महाधिवक्त्यांचं कार्यालय भरतं. म्हणजे ज्या पदावरच्या माणसाने तिच्या विरुद्ध राज्याची बाजू मांडली, त्याच पदाची कचेरी आज तिच्या नावाच्या इमारतीत आहे. वॉशिंग्टनच्या संसदभवनात व्हर्जिनियाच्या वतीने जनरल रॉबर्ट ली यांचा, यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या सेनापतीचा, पुतळा होता. २०२० च्या डिसेंबरात तो हलवला आणि त्या जागेसाठी बार्बराची निवड झाली. हे वाचून माझे डोळे भरून आले, लपवत नाही.

तिसरा दिवस : फार्मव्हिल

रिचमंडहून पश्चिमेला शंभरेक किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डॉगवुडची पांढरी फुलं, मधेच जांभळट रेडबड. प्रिन्स एडवर्ड काउंटीचं, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाचं, हे मुख्य गाव, लालविटांच्या जुन्या तंबाखू गोदामांचं.

रॉबर्ट रूसा मोटन हायस्कूलची इमारत मुख्य रस्त्यालाच लागून आहे. बैठी, विटांची, मध्ये सभागृह आणि कडेने वर्ग. आता ते संग्रहालय आहे. १९३९ मध्ये बांधली तेव्हा ती १८० मुलांसाठी होती. १९५१ मध्ये तिथे साडेचारशेच्या वर मुलं शिकत होती. जिमखाना नाही, खाणावळ नाही. सभागृहात एकाच वेळी दोन-दोन, तीन-तीन वर्ग भरायचे. मुलं मावेनात म्हणून काउंटीने अंगणात लाकडी सांगाडे उभे करून वर डांबरी कागद ठोकला आणि त्याला वर्गखोल्या म्हटलं. गावातले लोक त्यांना कोंबड्यांची खुराडी म्हणत. प्रत्येकात एक शेगडी. जवळच्या बाकावरची मुलं भाजून निघायची आणि लांबची कोट घालून कुडकुडत बसायची. पावसात कागदातून पाणी गळायचं तेव्हा मुलं छत्री उघडून लिहायची.

मी गळक्या छताखाली शिकवलं आहे. आषाढात मुलांना उचलून कोरड्या कोपऱ्यात दाटीवाटीने बसवलं आहे, फळ्यावरून ओघळ येत असताना पाढे घेतले आहेत. पण माझ्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर, त्याच सरकारच्या पैशाने बांधलेली, कोरडी शाळा दुसऱ्या मुलांसाठी राखून ठेवलेली नव्हती. फार्मव्हिलमध्ये होती. हा फरक त्या फोटोंसमोर उभं राहिल्यावर अंगावर येतो.

बार्बरा जॉन्स सोळा वर्षांची होती. एक दिवस तिची बस चुकली. ती रस्त्याच्या कडेला उभी असताना गोऱ्या मुलांची बस अर्धी रिकामी समोरून निघून गेली. तिने हे संगीताच्या बाईंकडे बोलून दाखवलं. बाई म्हणाल्या, मग तू काहीतरी कर की. शिक्षकाच्या तोंडून सहज निघालेलं वाक्य कुठल्या मुलाच्या मनात जाऊन रुजेल, याचा नेम नसतो.

२३ एप्रिल १९५१ च्या सकाळी मुख्याध्यापकांना फोन आला की तुमची काही मुलं बसस्थानकावर अडचणीत आहेत. ते तडक निघाले. तेवढ्यात प्रत्येक वर्गात चिठ्ठी फिरली, सभागृहात जमा. खाली सही म्हणून मुख्याध्यापक करायचे तसं एकच अक्षर. मुख्याध्यापकांच्या नावाने खोटी सही करणारी ही मुलगी! मी मुख्याध्यापिका होते, तरी त्या खोट्या सहीला माझा कौल आहे. पडदा सरकला आणि रंगमंचावर शिक्षकांऐवजी बार्बरा उभी. तिने पायातला बूट काढून आपटला, शिक्षकांना बाहेर जायला सांगितलं आणि मुलांना म्हणाली, आपण शाळेबाहेर पडायचं.

ते सभागृह अजून आहे. रंगमंच ठेंगणा आहे, नातीच्या कमरेएवढा. नात त्याच्यासमोर उभी राहिली, मागे वळून खुर्च्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "आजी, इथून सगळ्यांचे चेहरे दिसतात गं." चारशेपेक्षा जास्त चेहरे. आणि तेव्हा त्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं की संध्याकाळी घरी गेल्यावर आई-बाप काय म्हणतील.

मुलांना हवी होती चांगली इमारत, बस. त्याच दिवशी बार्बरा आणि कॅरी स्टोक्स या दोघींनी रिचमंडच्या वकिलांना पत्र धाडलं. हिल आणि रॉबिन्सन दोन दिवसांनी आले, ते खरं तर मुलांना समजावून परत वर्गात पाठवायच्या तयारीने. मुलांचा निर्धार पाहून त्यांचं मन बदललं. पण त्यांनी एक अट घातली. नुसती चांगली इमारत मागणार असाल तर आम्ही खटला घेणार नाही, वेगळ्या शाळांची पद्धतच मोडायची असेल तर घेतो. आणि त्यासाठी पालक पाठीशी हवेत.

माझ्या मते या सगळ्या लढ्याचा कणा इथे आहे. इमारत मागणं सोपं होतं. सरकार देऊही करतं. इथे दिलीही, खटला चालू असतानाच १९५३ मध्ये नवं मोटन हायस्कूल उभं राहिलं. पण शेजारच्या बाकावर बसायचा हक्क मागितला की समोरचा माणूस हादरतो. जवळच्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चमध्ये पाद्री फ्रान्सिस ग्रिफिन यांनी सभा बोलावली. काही पालकांनी विरोध केला, ते साहजिक होतं. ज्यांची जमीन, कर्ज, नोकरी गोऱ्यांच्या हातात होती त्यांची मान सुरीखाली होती. तरीही २३ मे ला दावा दाखल झाला. त्यावर ११७ मुलांची नावं होती. पहिलं नाव डोरोथी डेव्हिस या नववीतल्या मुलीचं. बार्बराला मात्र तिच्या सुरक्षेसाठी लांब अलाबामात काकांकडे पाठवण्यात आलं. पुढे ती ग्रंथपाल झाली.

ब्राउन निकालात हा खटला जिंकला. आणि मग जे झालं ते नातीला सांगताना मला थांबावं लागलं.

निकालानंतर वर्षभराने, ३१ मे १९५५ ला, न्यायालयाने अंमलबजावणीचा आदेश दिला, पण त्यात मुदत घातली नाही. 'योग्य त्या विचारपूर्वक गतीने' असे शब्द वापरले. दक्षिणेने त्यातला विचार उचलला आणि गती सोडून दिली. व्हर्जिनियाचे सिनेटर हॅरी बर्ड यांनी 'प्रचंड प्रतिकारा'ची हाक दिली. न्यायालयांनी रेटा वाढवल्यावर १९५९ मध्ये प्रिन्स एडवर्ड काउंटीच्या मंडळाने सार्वजनिक शाळांना पैसेच द्यायचे नाहीत असं ठरवलं. काउंटीतल्या सगळ्या सरकारी शाळांना कुलूप. एक-दोन महिने नाही, पाच वर्षं. गोऱ्या मुलांसाठी खासगी अकादमी निघाली, तिला सरकारी मदतीचा टेकूही मिळाला. दीड हजाराहून जास्त काळ्या मुलांना शाळाच उरली नाही.

कुणी नातेवाइकांकडे दुसऱ्या राज्यात गेली, काहींना क्वेकर पंथाच्या लोकांनी लांबच्या घरांत ठेवून घेतलं, काही चर्चच्या तळघरात चालणाऱ्या वर्गांत जात राहिली. बरीचशी मात्र तंबाखूच्या शेतात लागली. सहा वर्षांचं मूल अकराव्या वर्षी पहिल्यांदा पाटी धरतं म्हणजे काय, हे ज्याने पहिलीचा वर्ग घेतला आहे त्याला सांगायला नको. एक वर्ष सुटलं तरी मूल मागे पडतं. पाच वर्षं सुटली की ते शाळेला लाजायला लागतं. पुष्कळ जण परत आलेच नाहीत.

२५ मे १९६४ ला सर्वोच्च न्यायालयाने ग्रिफिन खटल्यात सांगितलं की विचारपूर्वक गतीचा काळ आता संपला, शाळा उघडा. हा खटला त्याच पाद्रींच्या मुलांच्या नावाने होता.

हे वाचताना मला १८५६ आठवलं. मुंबई इलाख्यातल्या धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेशासाठी अर्ज केला. सरकारने उत्तर दिलं की तात्त्विक न्याय मुलाच्या बाजूने आहे, पण एकट्यासाठी त्याला घेतलं तर बाकीच्या मोठ्या समाजाला शाळेचा उपयोग उरणार नाही. प्रिन्स एडवर्डने शंभर वर्षांनी तेच प्रत्यक्षात करून दाखवलं. शेजारी बसू देण्यापेक्षा शाळा मोडलेली चालेल.

संध्याकाळी न्यायालयाच्या मनोऱ्यातला दिवा पाहिला. शाळा बंद ठेवल्याची खंत म्हणून २००८ मध्ये काउंटीने तो लावला आहे. काळोख पडेपर्यंत आम्ही समोरच्या कट्ट्यावर बसून होतो.

चौथा दिवस : रस्त्यावर

पावणेपाचशे किलोमीटर, नॉर्थ कॅरोलिना आडवी ओलांडून. दिवसभर पाइन वृक्ष आणि मालट्रक. डब्यात मेथीचे ठेपले होते. रात्री मॅनिंग गावाजवळच्या मोटेलात मुक्काम.

पाचवा दिवस : समरटन आणि एलोरी

साउथ कॅरोलिनातल्या क्लॅरेंडन काउंटीतलं समरटन हे अगदी लहान गाव. एक मुख्य रस्ता, बरीच बंद दुकानं, ओक झाडांवरून लोंबणारं करडं शेवाळ. पाच खटल्यांतला सगळ्यात आधीचा इथला, ब्रिग्ज विरुद्ध एलियट.

सुरुवात एका बसपासून झाली. काउंटीत गोऱ्या मुलांसाठी तीस बस होत्या आणि काळ्या मुलांसाठी एकही नव्हती, जरी काळी मुलं संख्येने जास्त होती. काही मुलं बारा-चौदा किलोमीटर चालत. धरण झाल्यावर मॅरियन तलावाचं पाणी रस्त्यांवर चढलं, तेव्हा जॉर्डन भागातली मुलं होडी वल्हवत शाळेत जाऊ लागली. पालकांनी वर्गणी काढून एक जुनाट बस घेतली. ती सतत बंद पडे. निदान पेट्रोल तरी द्या, असं शाळा मंडळाकडे मागितलं तर मंडळाच्या अध्यक्षांनी, आर. डब्ल्यू. एलियट यांनी, पैसे नाहीत म्हणून हाकलून दिलं. १९४९-५० मध्ये ही काउंटी गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर आणि काळ्या मुलामागे ४३ डॉलर खर्च करत होती.

जोसेफ डीलेन हे पाद्री आणि शिक्षक. त्यांच्या सांगण्यावरून लीवाय पिअर्सन या शेतकऱ्याने १९४७ मध्ये बससाठी अर्ज केला. एकट्याने सही केली. त्यांची जमीन दोन शाळा-विभागांच्या हद्दीवर येते, कर भलत्याच विभागात भरला जातो, असं कारण काढून दावा निकालात काढला. पण शिक्षा आधीच सुरू झाली होती. दुकानदारांनी उधारी बंद केली. सुगीला मळणीयंत्र भाड्याने द्यायला कुणी तयार होईना. उभं पीक शेतात कुजलं.

त्यानंतर मार्शल म्हणाले, एकट्याने भागणार नाही, निदान वीस जण आणा. डीलेन महिनोन् महिने दारोदार फिरले. १९४९ च्या नोव्हेंबरात शंभराहून जास्त पालकांनी आणि मुलांनी अर्जावर सह्या केल्या. यादीत पहिलं नाव हॅरी ब्रिग्ज आणि त्यांच्या पत्नी एलायझा यांचं. हॅरी नौदलातून परत आलेले, गावातल्या पेट्रोलपंपावर काम करत. नाताळच्या आदल्या दिवशी मालकाने त्यांना सिगारेटचं एक खोकं भेट दिलं आणि त्याच हाताने कामावरून काढून टाकलं. एलायझा मोटेलात सफाईचं काम करायच्या. नाव मागे घ्या म्हणून त्यांच्यावर दबाव आला. त्यांनी घेतलं नाही. त्यांचंही काम गेलं. पुढे हॅरी पोटापाण्यासाठी फ्लोरिडाला गेले आणि घर वर्षानुवर्षं पैशाच्या मनिऑर्डरवर चाललं.

मग डीलेन यांचं समरटनमधलं घर जळालं. अग्निशामक दलाचे लोक बघत उभे राहिले, घर हद्दीबाहेर आहे म्हणाले. १९५५ मध्ये ते लेक सिटीला होते तेव्हा त्यांचं चर्च जाळलं. घरावर गोळ्या आल्या, त्यांनी उलट गोळी झाडली आणि रातोरात राज्य सोडलं. त्यांच्या अटकेचं वॉरंट निघालं. डीलेन १९७४ मध्ये वारले. त्यांच्यावरचा ठपका पुसला गेला २००० मध्ये.

गावाबाहेर लिबर्टी हिल चर्च आहे, जिथे या लोकांच्या बैठका व्हायच्या. दार बंद होतं. मागे कबरस्तान. नात दगडांवरची आडनावं वाचत हिंडली, काही तिला आदल्या रात्री वाचलेल्या यादीतली वाटली. एक वयस्क बाई फुलं ठेवायला आल्या होत्या. कुठून आलात, त्यांनी विचारलं. इंडिया म्हटल्यावर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मीही धरला. दोघींना आणखी काही बोलायचं सुचलं नाही.

इथेच १९५१ मध्ये केनेथ क्लार्क हे मानसशास्त्रज्ञ बाहुल्या घेऊन आले होते. हा प्रयोग त्यांचा आणि त्यांच्या पत्नी मेमी यांचा. सारख्याच बाहुल्या, फक्त काहींचा रंग गोरा आणि काहींचा काळा. सोळा मुलांना विचारलं, चांगली कुठली? वाईट कुठली? अकरा मुलांनी काळी बाहुली वाईट म्हणून दाखवली. मग विचारलं, तुझ्यासारखी कुठली? मी वर्गात असा प्रश्न विचारल्यावर मूल कसं खाली बघेल, ते मला दिसतं. त्याची चप्पलसुद्धा दिसते.

दुपारी तलावावरचा पूल ओलांडून पलीकडे एलोरीला गेलो. या गावाचं नाव मला आधी माहीत नव्हतं, वाचता वाचता सापडलं आणि मग मी हट्टच धरला. १९५६ मध्ये साउथ कॅरोलिनाने कायदा केला की हे खटले लढवणाऱ्या एनएएसीपी संघटनेचा सभासद सरकारी नोकरीत चालणार नाही. एलोरीच्या काळ्या मुलांच्या शाळेत शिक्षकांपुढे फॉर्म ठेवले गेले. तुम्ही सभासद आहात का? वेगळ्या शाळा मोडाव्यात असं तुम्हाला वाटतं का? उत्तरं भरा आणि सही करा. एकवीस शिक्षकांनी नकार दिला. एकवीसही जणांची नोकरी गेली.

समरटनच्या लोकांनी सही केली म्हणून काम गेलं. तलावाच्या या बाजूला सही केली नाही म्हणून. मी पगारावर घर चालवलं आहे. मुलीचं शिक्षण, सासऱ्यांचं औषध, सगळं त्याच पगारातून. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शिक्षकाच्या डब्यात किती पीठ उरतं हे मला माहीत आहे. असा फॉर्म पुढ्यात आला असता तर मी काय केलं असतं, हा प्रश्न मोटेलात परत आल्यावरही सुटला नाही. लेक म्हणाली, "आई, झोप आता." मला झोप आली नाही.

सहावा दिवस : चार्ल्सटन आणि जॉन्स आयलंड

समुद्राकाठचं, अझेलियाच्या फुलांचं देखणं शहर. ब्रॉड आणि मीटिंग या रस्त्यांच्या चौकात केंद्राचं न्यायालय आहे. इमारत १८९६ ची, म्हणजे 'वेगळे पण समान'च्याच वर्षाची. ब्रिग्ज यांचा दावा आधी समान सोयींपुरता होता. न्यायाधीश वेटिस वेरिंग यांनी १९५० च्या नोव्हेंबरात मार्शल यांना सुचवलं की थेट वेगळ्या शाळांच्या पद्धतीलाच आव्हान द्या. फार्मव्हिलला हे वकिलांनी मुलांना सांगितलं होतं, इथे न्यायाधीशाने वकिलाला सांगितलं.

२८ मे १९५१ ला सुनावणी. क्लॅरेंडनहून शेकडो लोक अंधारातच गाड्यांत दाटून निघाले आणि पहाटेपासून या फुटपाथवर रांग लावून उभे राहिले. आत जागा मोजक्यांनाच मिळाली. बाकीचे जिन्यात, ओसरीत. जे ऐकू येई ते मागे मागे पोचवलं जाई. राज्याच्या वकिलांनी सुरुवातीलाच कबूल करून टाकलं की हो, शाळा असमान आहेत, आम्ही सुधारतो. नव्या इमारतींसाठी साडेसात कोटी डॉलरचे रोखेही राज्याने मंजूर केले होते. पुन्हा तेच, इमारत घ्या आणि गप्प बसा. तीनपैकी दोन न्यायाधीश राज्याच्या बाजूने गेले. वेरिंग एकटे विरुद्ध. वेगळं ठेवणं हीच असमानता, असं त्यांनी लिहिलं. तीन वर्षांनी सर्वोच्च न्यायालय तिथेच पोचलं. पण चार्ल्सटनने या आपल्याच माणसाला इतकं वाळीत टाकलं की निवृत्त होऊन ते न्यूयॉर्कला निघून गेले. आज या इमारतीला त्यांचं नाव आहे आणि बागेत त्यांचा पुतळा.

आणि समरटनमध्ये? निकालानंतर अकरा वर्षांनी, १९६५ मध्ये, पहिली काळी मुलं गोऱ्यांच्या शाळेत शिरली. मग गोरी मुलं बाहेर पडून खासगी शाळेत गेली. ज्यांनी सह्या केल्या त्यांची स्वतःची मुलं तोवर मोठी होऊन गावही सोडून गेली होती.

चार्ल्सटनच्याच सेप्टिमा क्लार्क. चाळीस वर्षं शिक्षिका. १९५६ च्या त्याच कायद्यात त्यांना विचारलं गेलं, आणि त्यांनी एनएएसीपीचं सभासदत्व लपवायला नकार दिला. नोकरी गेली, निवृत्तिवेतनही गेलं. त्यांनी आपल्या सहीने ७२६ शिक्षकांना पत्रं लिहिली की आपण मिळून विरोध करू. उत्तरं आली सव्वीस. मला त्या सातशे जणांचा राग येत नाही. त्यांच्याही घरी पिठाचा डबा होता. पण त्या सव्वीस पाकिटांसमोर बसलेल्या बाईंची पाठ मात्र मला दिसत राहते.

दुपारी जॉन्स आयलंडला गेलो, खाडीपलीकडच्या बेटावर. १९५७ च्या सुरुवातीला इथे एका दुकानाच्या मागच्या खोलीत मोठ्या माणसांची शाळा सुरू झाली. पुढच्या बाजूला किराणा, म्हणजे आत काय चाललंय हे गोऱ्यांना कळू नये. सेप्टिमाबाईंनी शिकवायला आपल्या मावसबहिणीला, बर्निस रॉबिन्सन यांना, बसवलं. त्या केशरचनेचं दुकान चालवायच्या, शिक्षिका नव्हत्या. मुद्दामच नव्हत्या. पहिल्या वर्गात चौदा जण. त्यांना मतदार यादीत नाव नोंदवायचं होतं, आणि त्यासाठी वाचता यायला हवं, सही यायला हवी.

सुरुवात त्यांनी नावापासून केली. पुठ्ठ्यावर त्या माणसाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहायचं, आणि त्याने त्या अक्षरांवरून पुन्हा पुन्हा पेन्सिल फिरवायची, हाताला वळण बसेपर्यंत. नांगर धरून घट्ट झालेल्या बोटांत पेन्सिली मोडायच्या.

साक्षरता अभियानाच्या दिवसांत मी रात्री बायकांचे वर्ग घेत असे, कंदिलाच्या उजेडात, समाजमंदिरात. पुठ्ठे आम्हीही वापरले, चहाच्या खोक्यांचे. साठीच्या एक आजी होत्या, हौसाबाई. त्यांचा हात मी माझ्या हातात धरून अक्षरावरून फिरवायचे. 'हौ' त्यांना जमेना, वरच्या दोन मात्रा सारख्या सुटायच्या. महिनाभराने एका रात्री त्यांनी माझा हात बाजूला केला आणि एकट्यांनी पूर्ण नाव लिहिलं. मात्रा दोन्ही होत्या. मग पुठ्ठा पदराखाली घेतला आणि घरी घेऊन गेल्या.

हे सगळं मी खाडीवरच्या पुलाकडे परत येताना गाडीत सांगत होते. नातीने मागच्या सीटवरून वही पुढे केली. "आजी, हौसाबाई कसं लिहायचं? मराठीत." तिला मराठी बोलता येतं, लिहिता येत नाही. लेकीने गाडी कडेला घेतली. मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि तिने त्यावरून पेन्सिल फिरवायला सुरुवात केली.